मार्सोच्या कुरणातून जाणारी वाट

१० मार्च

पुन्हा ‘नाही’च म्हणाला मार्सो.

गोठ्याच्या दारातच उभा राहिला. आत ये म्हणाला नाही. पोस्टात होते तेव्हा याच दारात मला कॉफी मिळायची – कडाक्याच्या थंडीत वर ब्रँडीचा थेंबही. आज हातातलं फावडंसुद्धा खाली ठेवलं नाही.

‘पोस्टीणबाई, पत्र असेल तर दे. वाट मागायला आली असशील तर चालू पड.’

‘मार्सो, वाट गावाची आहे. नकाशात आहे.’

‘असू दे नकाशात. नकाशात गाई नाहीत.’

आणि आत गेला. मी चिखलात. बूट रुतलेले.

घरी येताना सगळा रस्ता लाकडाच्या ट्रकमागे. ओंडक्यांची साल उडून काचेवर येत होती. वायपर लावला तर चिकट पट्टे. दुसरा रस्ता आहे कुठे!

एर्वे खिडकीत बसलेला.

‘काय म्हणाला म्हातारा?’

‘नाही म्हणाला.’

‘मी सांगितलं होतं.’ मग थोड्या वेळाने – ‘सूप?’

सूप तापवलं.

११ मार्च

कंबर. दिवसभर कंबर.

१७ मार्च, रविवार

बाहेर भुरभुर, कोयता घेऊन जाण्यासारखं नाही. म्हणून बसून लिहितेय.

कधीकधी मलाच आठवत नाही की हे सुरू कसं झालं. एर्वेला लाकडाच्या ट्रकचा आरसा लागला, त्याला दोन वर्षं होतील येत्या ऑक्टोबरात. नुसता आरसा! ट्रक थांबलाही नाही. त्याला बहुतेक कळलंही नसेल. एर्वे कडेच्या चरात, सायकल कुंपणावर. खुब्यात लोखंड घातलं. आधी अंथरूण, मग कुबड्या, आता काठी. जन्मभर लोकांच्या छपरांवर चढून स्लेटची कौलं बसवणारा माणूस – आता जिन्याच्या तीन पायऱ्यांशी भांडतो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘सायकल चालवा. चालण्यापेक्षा तीच बरी. खुब्यावर भार येत नाही.’

एर्वे म्हणाला, ‘कुठे चालवू? त्यांच्या चाकांखाली?’

आणि गप्प झाला. त्याचं गप्प बसणं साधं नसतं. भिंतींना ओल धरावी तसं घरभर पसरतं.

‘मी वाट काढते,’ मी म्हटलं. गाडीत बसता बसता म्हटलं, पट्टा लावताना. सांत्वनाला म्हणून काहीतरी बोलतो ना आपण, तसं. आणि मग खरोखरच काढायला लागले.

आपल्या या पठारावर वाटा काय कमी आहेत? पोस्टाची पिवळी गाडी घेऊन सगळी उमर हिंडले. कुठल्या घरामागून कोणती पायवाट फुटते, ती जंगलात कुठे विरते, सगळं पायाखालचं. जुन्या रेल्वेचे रूळ उखडून नेलेत, पण खालची खडी तशीच आहे. जंगलखात्याचे मुरमाचे रस्ते आहेत. गिरणीच्या तळ्याची कड आहे. हे सगळं एकमेकाला जोडलं की चर्चच्या मागून निघून चर्चच्याच मागे येता येतं. एकही मोटार न दिसता.

सरपंचबाईंना कळलं तेव्हा त्या नाचायच्याच बाकी राहिल्या. मिरेयला गावासाठी काहीतरी करायचंच असतं. ‘रोझलीन! शहरातले लोक हल्ली रुंद टायरच्या सायकली घेऊन अशाच वाटा शोधत फिरतात! त्यांना डांबर नकोच असतं. दगडमाती दिली की खूश!’ मला खुणांच्या पाट्या दिल्या, रंगाचा डबा दिला. आता तो गावाचा उपक्रम आहे. नाव गावाचं, कंबर माझी.

बाकी सगळं जवळपास जुळलंय. फक्त मार्सोच्या कुरणातला तुकडा राहिलाय. दोन दगडी बांधांमधली जुनी वाट. दोन्ही तोंडांना काटेरी तार, मध्ये काट्यांचं रान. ती नाही तर गिरणीपासून रस्त्याकडेच्या दगडी क्रूसापर्यंत ट्रकच्या रस्त्यानेच जावं लागेल. म्हणजे जिथे एर्वेला लागलं, तिथूनच.

२ एप्रिल

कचेरीत मिरेयला गाठलं. खुर्चीत बसूच दिलं नाही तिला.

‘कायद्याने वाट आपलीच आहे, रोझलीन.’

‘मग तार काप.’

‘अगं, मार्सो माझ्या सासऱ्यांचा चुलतभाऊ. नाताळातला टर्की त्याच्याकडून येतो.’

‘टर्कीसाठी अडलंय होय?’

‘टर्कीसाठी नाही गं! या गावात माणसं किती, तूच सांग. त्यातल्या एकाशी वैर घेतलं तर उरलं कोण?’ मग माझा हात धरून म्हणाली, ‘तू बोल ना त्याच्याशी. तुझं ऐकतो तो.’

कुणाचंच ऐकत नाही तो.

निघताना कचेरीतल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘नवऱ्यासाठी अख्खी वाट काढणारी बाई मी पाहिली नव्हती! आमचा माझ्यासाठी कचऱ्याचा डबा बाहेर नेत नाही.’

सगळ्या हसल्या. मीही हसले.

९ एप्रिल

तळ्याच्या कडेची झुडपं तोडली. विम आणि आनेके आले मदतीला. हॉलंडचे नवराबायको. बंद पडलेली शाळा विकत घेऊन तिथेच राहतात, सायकली जीव की प्राण. भली माणसं. पण विमला सगळ्याचं माप हवं असतं.

‘रोझलीन, हा चढ किती टक्के आहे?’

‘दम लागेल एवढा.’

‘पण पाटीवर काय लिहायचा?’

‘लिही, दम लागेल.’

त्याने खरंच वहीत लिहून घेतलं. आनेके हसून हसून खाली बसली. किती दिवसांनी कुणीतरी असं मोठ्याने हसताना ऐकलं.

घरी आले तर एर्वे – ‘उशीर केलास.’ मोजे घालायचे राहिले होते त्याचे. त्याला वाकता येत नाही. सकाळी मी लवकर निघाले, तो तसाच अनवाणी बसून राहिला. थंडगार पडले होते पाय. ‘चपला घालायच्यास,’ म्हटलं. ‘हो, आणि नाच करायचा,’ म्हणाला.

मोजे घातले.

२१ एप्रिल

आज काही लिहायला नको.

५ मे, रविवार

नीट अक्षर येत नाही.

विम आणि आनेके माझ्या आधी निघाले होते. मला वाटलं तळ्याकडे गेले असतील. ते गेले मार्सोच्या वाटेवर! सायकली तारेवरून पलीकडे दिल्या, आपण खालून सरपटले, काट्यांनी वाट अडवली तेव्हा बांध ओलांडून सरळ कुरणात उतरले. ‘नकाशात वाट आहे, तर वाट असणार’ – विमचं म्हणणं. मीच त्याला तो नकाशा दिला होता.

कुरणात गाई. नुकत्या व्यालेल्या. तांबडी, थोराड जात. एरवी गरीब, पण वासरू पायाशी असलं की डोळ्यांत दुसरंच जनावर येतं.

मी वाटेच्या खालच्या तोंडाशी, तारेच्या अलीकडे झुडपं तोडत होते. आधी आनेकेची किंकाळी ऐकली, मग मार्सोचा आवाज. त्या वयात तो माणूस उतारावरून धावत आला! हातात काठीसुद्धा नव्हती. गाय आणि आनेकेच्या मध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिला. आनेके आडवी पडलेली, वर सायकल. मी धापा टाकत पोचले तर मार्सो गाईशी बोलत होता, अगदी हळू – ‘बस गं पोरी. बस. झालं. कुणी नेत नाही तुझं लेकरू. बस.’ गाय फुसफुसत होती. मग मागे सरली. एक पाऊल, आणखी एक.

आनेकेच्या खांद्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली, घेऊन गेली. विम पांढराफटक. एकच म्हणत होता, ‘माझा चूक. माझा चूक.’

मग मार्सो माझ्याकडे वळला.

‘वाट गावाची, वाट गावाची! गाईला सांगितलंस का? वासराच्या आईला दाखवलास का तुझा नकाशा? उद्या इथे कुणी मेलं तर फरफटत मला नेतील. सरपंचीण येणार नाही, तू येणार नाहीस!’

तो पाण्याच्या हौदाच्या काठावर बसला. सिगारेट पेटवायला लागला. काडी पेटेना. मी पेटवून दिली.

त्याचं बरोबर आहे. तेच सलतंय.

८ मे

पाट्या कोठारात टाकल्या. रंगाचा डबाही. वर पोतं टाकलं, दिसू नये म्हणून.

लियोंहून एलोदीचा फोन. आपल्या पोरीला वाटतं, सगळ्याला दुकानात मिळणारा काहीतरी उपाय असतो. ‘आई, सोड ना ते. बाबांना घरात उभी करायची सायकल आणून दे. भिंतीकडे तोंड करून चालवतील.’

‘सोडते,’ म्हटलं.

एर्वे ऐकत होता. रात्रीच्या जेवणात पावाचा तुकडा सुपात बुडवून तसाच धरून बसला, मऊ होऊन पडेपर्यंत.

१२ मे

सकाळी कोट घालून दारात उभा! दाढी केलेली. ‘मला मार्सोकडे ने.’

‘कशाला?’

‘ने.’

नेलं. वाटेत ट्रक समोरून आला की दाराची कडी घट्ट धरायचा, तेवढंच.

मार्सोच्या गोठ्याचं छप्पर एर्वेनेच घातलेलं, खूप वर्षांपूर्वी. गाडीतून उतरला तो काठी टेकून आधी वरच बघायला लागला.

‘दोन स्लेट सरकल्यात,’ म्हणाला.

मार्सो दारात आला. ‘तूच घातलंयस छप्पर.’

‘म्हणून तर दोनच सरकल्यात.’

मार्सोच्या मिशीखाली काहीतरी हललं. आत ये म्हणाला. या वेळी म्हणाला!

स्वयंपाकघरात तेच मेणकापड घातलेलं टेबल, तोच वास. तिघांना वाइन ओतली. सकाळी दहाला! दोघंही बराच वेळ हवापाण्यावर, मेलेल्या माणसांवर, शाळेतल्या मास्तरांवर बोलत राहिले. मी पेल्याकडे बघत बसले. मग एर्वे एकदम म्हणाला –

‘मार्सो, माझ्याच्यानं घरात बसवत नाही रे. ही बाई सूप पाजून पाजून मारेल मला.’

‘दे इकडे पाठवून. मी एकटाच उकडलेले बटाटे खातोय.’

‘चेष्टा नाही. खिडकीतून मला मोजून एकच झाड दिसतं. आता त्या झाडालाही माझा कंटाळा आलाय.’

मार्सो नख मेणकापडावर फिरवत होता.

‘माझ्या गाईनं तुला लोळवलं तर?’

‘ट्रकनं लोळवण्यापेक्षा बरं. गाय निदान ओळखीची.’

यावर दोघं हसले. आणि मार्सो उठला, खिडकीशी गेला, कुरणाकडे बोट करून बोलायला लागला – जणू हे सगळं त्याच्या मनात कधीपासून तयारच होतं. वाटेच्या दोन्ही बाजूंनी पक्कं कुंपण पाहिजे. चेस्टनटचे खांब, चार तारा. दोन्ही तोंडांना फाटक, सोडलं की आपोआप मिटणारं. लोकांच्या भरवशावर राहायचं नाही. खांब तो देईल, त्याच्या रानातले. ‘पण खड्डे मी खणणार नाही. खड्डे पोस्टीणबाई खणेल.’

‘खणते,’ म्हटलं.

गाडीत एर्वे म्हणाला, ‘बघ. तुला बोलायला येत नाही माणसांशी.’

खरं आहे. मला फक्त खड्डे खणता येतात.

३ जून

खड्डे.

४ जून

खड्डे. खाली खडक. पहार लागली की हाडापर्यंत झिणझिण्या.

९ जून, रविवार

मार्सो म्हणाला होता खणणार नाही. आज पहाटे जाऊन बघते तर ट्रॅक्टरला भोकं पाडायचं यंत्र लावून ओळीनं खड्डे पाडत बसलेला. ‘तुझा वेग बघून गाई हसत होत्या,’ म्हणाला.

विम तारा ताणतो. आनेके गळ्यात हात बांधून बांधावर बसते, कॉफी ओतून देते, गाईंकडे पाठ करत नाही.

१६ जून

दुपारी झाडाखाली बसलो होतो, मी आणि मार्सो. चीज, मुळे, लोणी. मी सहज विचारलं – वाट बंद का केली होतीस? गाईंसाठी म्हणतोस, पण आमच्या पोस्टाच्या काळात तर उघडी होती. गाई तेव्हाही होत्या.

बराच वेळ चावत राहिला.

‘लेओनी गेली त्या उन्हाळ्यात केली. कुणी येऊ नये असं वाटायचं. लोक यायचे, वाईट झालं म्हणायचे, मग हवापाण्यावर बोलायचे. मी तार लावली. पुढच्या वर्षी काढू म्हटलं. मग काटे वाढले. मग राहूनच गेलं.’

लेओनी त्याची बायको. तिच्या नावाची शेवटची पत्रं मीच आणून द्यायचे. दवाखान्याची.

मीही हवापाण्यावरच बोलले. ‘उद्या पाऊस येईल,’ म्हटलं. तो हसला.

मी उठून खांब उचलायला लागले तर म्हणाला, ‘बस.’

‘अजून चार राहिलेत.’

‘बस म्हणतो ना. दमलीस तू.’

एवढंच. पण गेल्या दोन वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. काय मूर्खपणा! ट्रॅक्टरच्या मागे जाऊन रडले. विमला वाटलं तार लागली हाताला. पट्टी घेऊन धावत आला.

३० जून

काटे तोडून वाट उघडी झाली. खालून जुने दगड निघाले, गाडीच्या चाकांच्या खोबणीसकट. दोन्ही बांधांवरून नेचे वाकलेले. आत सावली, गारवा. वाट आहे खरी!

मी मधोमध उभी राहिले. ट्रकचा आवाज येतो का म्हणून कान दिला. येतो. पण लांबून, डोंगरापलीकडच्या मेघगर्जनेसारखा. आपल्याशी त्याचा काही संबंध नसावा तसा.

१४ जुलै

सकाळी सगळं गाव राष्ट्रदिनाच्या झेंड्यापाशी, आम्ही कोठारात. एर्वेची सायकल खाली काढली. विमनं रुंद टायर चढवले, साखळी धुतली. एर्वेची मांडीच वर जाईना. शिव्या! मला, विमला, ट्रकला, डॉक्टरीणबाईंना, प्रजासत्ताकाला. शेवटी अंगणातल्या दगडी कुंडावर उभा राहून सायकलवर बसला.

दोन फेऱ्या मारल्या अंगणात. कोंबड्या उधळल्या.

उतरता आलं नाही. मी धरलं. अंगाला घामाचा, तेलाचा वास – जुना, ओळखीचा. कानाशी म्हणाला, ‘घाबरलो होतो गं.’

‘माहीत होतं मला.’

‘मग बोलली का नाहीस?’

२३ जुलै

जुन्या रेल्वेच्या खडीवरून पुलापर्यंत. मी मागे चालत. तो पुढे जाऊन थांबायचा, मी दिसले की पुन्हा निघायचा. खडीवर टायरचा आवाज छान येतो – कुणीतरी सावकाश सुपारी कातरल्यासारखा, असं आनेकेकडे आलेली एक भारतातली पाहुणी म्हणाली. मी सुपारी पाहिलेली नाही. पण आवाज कळला.

१ ऑगस्ट

एकटा गेला. ‘येऊ नकोस मागे,’ म्हणाला.

मी फाटकाशी उभी. मग घरात. मग पुन्हा फाटकाशी. सूप केलं नाही. गरमीत कोण पितो सूप! घर इतकं मोकळं मला आठवत नाही. त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. खरंच एकच झाड दिसतं.

आला तेव्हा गुडघे चिखलानं भरलेले, शर्टाच्या ओच्यात अळंबी. ‘जागा कुणाला सांगणार नाही,’ म्हणाला. ‘तुलासुद्धा नाही.’

११ ऑगस्ट

आज मोजे त्याचे त्याने घातले. एक उलटा.

१५ ऑगस्ट

मेरीच्या सणाची सुट्टी. एलोदी आलीय. बाप सायकलवर बघून अंगणात ओक्साबोक्शी रडली. मग मला मिठी. ‘आई, तू केलंस हे!’ माझ्या हातांकडे बघून – ‘अगं आई, हात बघ तुझे.’ मलम लावून दिलं. तिने असं कधी केलं नव्हतं, लहानपणीसुद्धा.

संध्याकाळी बटाटे भरलेली पेस्ट्री केली, वर भरपूर मलई. एर्वेनं तीनदा घेतली. मार्सोही आला होता, धुतलेला शर्ट घालून. बापलेक आणि मार्सो मोठमोठ्यानं वाद घालत होते, रानडुक्कर सायकलपेक्षा वेगात पळतं की नाही. मी भांडी घासताना ऐकत होते.

चांगला दिवस. लिहून ठेवते.

२८ ऑगस्ट

एर्वे स्वतः गाडी चालवून जवळच्या शहरात, ओब्युसाँला गेला, सायकलचे ब्रेक आणायला. अपघातानंतर पहिल्यांदा स्टीअरिंगवर. मी आज दिवसभर काही केलं नाही. काहीच नाही. भिंत बघत होते.

१५ सप्टेंबर, रविवार

उद्घाटन!

मिरेयनं भाषण केलं. ‘आपल्या पंचायतीच्या दूरदृष्टीतून’ – आणि मग माझं नाव, मधेच कुठेतरी, दोन आमदारांच्या मध्ये. फीत कापली. लिमोझहून, क्लेर्मोंहून लोक आलेले, रंगीत कपडे, रुंद टायर. एकीनं मला विचारलं, ‘इथे सगळं असंच शांत असतं का?’ ‘नाही,’ म्हटलं. ‘मंगळवारी भाजीवाली येते.’

मार्सो त्याच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेला, दरवानासारखा. फाटक आपोआप मिटतं तरी प्रत्येकाला सांगत होता, ‘मिटलं का बघा! मागे वळून बघा!’ एका तरुणानं म्हटलं, ‘आजोबा, आपोआप मिटतंय की.’ ‘तुझं डोकंही आपोआप चालत असेल,’ मार्सो म्हणाला, ‘तरी एकदा बघ.’

एर्वेनं पूर्ण फेरी केली. सगळ्यात शेवटी आला. सगळे जेवून हेझलनटच्या केकवर आले होते. चर्चच्या मागून वळला तेव्हा आधी आनेकेला दिसला, तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली – बऱ्या हातानं टेबलावर. मग सगळ्यांनी. तो लालबुंद. काठी नाही, कुणाचा हात नाही. सायकल झाडाला टेकवून चालत माझ्यापाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, ‘हिच्यामुळे.’

मिरेय डोळे पुसत होती. मार्सोनं टोपी काढली.

मला खूप थकल्यासारखं झालं. आनंदानं असेल.

२२ सप्टेंबर

शिकारीचा मोसम सुरू झाला, रविवारी सकाळी बार ऐकू येतात. एर्वेनं भडक नारिंगी सदरा घेतलाय, रानडुक्कर समजून कुणी उडवू नये म्हणून. विमबरोबर पुढच्या महिन्यात दोन दिवसांची फेरी ठरवतोय, रात्री मुक्काम करून. टेबलभर नकाशे.

‘तुझ्यासाठीही सायकल घेऊ या. वाट तू काढलीस आणि अजून तू एकदाही गेली नाहीस तिच्यावरून!’

खरंच, चालून गेलेय, खणून गेलेय.

‘बघू,’ म्हटलं.

शिट्टी वाजवत होता. मोठी छान वाजवतो तो शिट्टी. छपरावर असताना खालून ऐकू यायची.

१ ऑक्टोबर

ओब्युसाँ. औषधांच्या दुकानावरची खोली. पलंग, टेबल, एक शेगडी. खाली बाजार भरलाय.

एर्वेला काल सकाळी सांगितलं, कॉफी पिताना. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘पण आता तर सगळं ठीक झालंय.’

‘म्हणूनच,’ म्हटलं.

ट्रकचा आरसा त्याला लागला, त्याच्या आदल्या आठवड्यात मी ही खोली बघून गेले होते. शनिवारी सांगणार होते. भांडण नव्हतं, दुसरं कुणी नव्हतं. नुसतं संपलं होतं, कधीचंच. मग गुरुवारी दवाखान्यातून फोन आला.

हे इथे कधी लिहिलं नाही. मीच वाचलं असतं.

पडलेल्या माणसाला टाकून जाता येत नाही. हिंडत्या-फिरत्या माणसाला सांगून जाता येतं.